वाडी स्वतंत्र होता होता राहिली

आमची वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. पावसाळा सोडला तर त्यातून कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जाते. पण काही वर्षांपूर्वी या ओढ्याला थेट सरहद्दीचा मान मिळायची वेळ आली होती, कारण वाडीला स्वतंत्र व्हायचं होतं. म्हणजे वाडीला स्वतःची वेगळी ग्रामपंचायत हवी होती.

गाव ओढ्याच्या अलीकडे, रहिमतपूरच्या रस्त्याला लागून. वाडी पलीकडे, उसाच्या मधोमध. ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच, आणि ती गावात. नळाचं पाणी आधी गावाला यायचं आणि उरलं तर वाडीला. ते उरत नसे, हा भाग वेगळा. रस्त्यावरचे दिवे गावात लागायचे आणि त्यांचा उजेड वाडीवरून दिसायचा, त्यामुळे आम्हाला अगदीच अंधारात ठेवलं होतं असं म्हणता येणार नाही.

वाडीच्या या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी होते माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा फौजेतून सुभेदार होऊन घरी आले. देश एकसंध राहावा म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं बर्फात काढली, आणि पेन्शन सुरू झाल्यावर गावाचे दोन तुकडे करायला घेतले. ‘गाव अखंड राहिलंच पाहिजे’ म्हणणाऱ्यांचे पुढारी होते माझे मामा, आईचे थोरले भाऊ. तेही फौजीच. दोघं साताऱ्यात एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत राहिलेले. सुट्टीवर आलेल्या आबांना मामांनीच घरी जेवायला नेलं आणि आपली बहीण दाखवली. पुढची चाळीसेक वर्षं दोघांचं एकमेकांवाचून पान हललं नाही. दोन शेजारी देशांत वैर वाढायला जेवढी जवळीक लागते, तेवढी त्यांच्यात होती.

आई गावची लेक आणि वाडीची सून. तिचं माहेर आणि सासर यांच्यात तो ओढाच काय तो आडवा. या सगळ्या भानगडीत तिला काय वाटतं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी तेव्हाही साताऱ्यात राहत होते, शाळेत शिकवत होते. दर रविवारी घरी गेलं की ताजी बातमी मिळायची.

आबांनी सांगलीहून एक वकील आणला. त्यानं मारुतीच्या पारावर उभं राहून अस्मिता, आत्मसन्मान, स्वयंनिर्णय असे शब्द वापरले. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “सोयंनिर्णय म्हंजी नळच ना गं?” मी हो म्हटलं. खरं तर एवढंच भाषण पुरलं असतं.

गावानंही उत्तर दिलं. मामा चावडीपुढच्या सभेत म्हणाले, “वाडीला वायलं व्हायचं आसंल तर खुशाल व्हावं. पर मग देव कुणाचा त्ये बी ठरवा.” ग्रामदैवत गावात होतं. वाडीवर त्या रात्री बैठक झाली आणि नवा देव बसवावा का, यावर गंभीर चर्चा झाली. पाण्याचा विषय तिथेच मागे पडला.

शेवटी खास ग्रामसभा बोलावली. हात वर करून मत द्यायला कुणी तयार होईना, कारण हात वर केला की तो दिसतो. म्हणून शाळेत चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान घ्यायचं ठरलं. त्याआधीच्या आठवड्यात आबांनी वाडीचं एकही दार सोडलं नाही. घरात बसायचे, चहा घ्यायचे, वाडीच्या भवितव्याविषयी बोलायचे आणि पुढच्या घरी जायचे. मामाही गावात तेच करत होते. दोघांचंही पित्त त्या आठवड्यात खवळलं.

वाडी हरली, अगदी थोडक्या मतांनी. गंमत अशी की गाव आणि वाडीची मतं जवळजवळ सारखीच, आणि गावातल्या बऱ्याच जणांनी वाडीच्या बाजूनं मत दिल्याचं नंतर कबूलही केलं, एकदाची ब्याद जाऊ दे म्हणून. तरीही हरली. याचा अर्थ लावायला गणित लागत नाही. वाडीतल्याच काही जणांनी वाडीच्या स्वातंत्र्याविरुद्ध मत टाकलं होतं.

गावात गुलाल उधळला. आबा घरी आले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “आपल्यातल्याच कुणीतरी दगा दिला.”

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “आसंल.”

आबा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी ते पाहिलं.

त्यानंतर बहिष्कार सुरू झाले. वाडीचे पुरुष गावातल्या न्हाव्याकडे जाईनात. दाढी करायला ते रहिमतपूरला जायचे आणि येण्याजाण्यात अर्धा दिवस घालवून वाडीची शान राखायचे. पिठाची गिरणी वाडीत होती, म्हणून गावातल्या स्वाभिमानी मंडळींनी दळण शेजारच्या गावाला न्यायचं ठरवलं. ठरवलं पुरुषांनी, दळण न्यायचं होतं बायकांनी. बायका डबा डोक्यावर घेऊन सरळ ओढा ओलांडून आमच्या गिरणीवर येत राहिल्या. त्यांच्यापर्यंत बहिष्काराचा निरोप बहुतेक पोचला नसावा.

आबा आणि मामा एकमेकांशी बोलायचे बंद झाले. समोरासमोर आले की आबा आभाळाकडे बघायचे, मामा चपलेकडे.

मग तालुक्याच्या कुणा साहेबांच्या मनात आलं की इथे सलोखा घडवावा. शाळेच्या पटांगणात एकोप्याचं जेवण ठेवलं. साहेबांनी एकीचं महत्त्व सांगितलं आणि भाषणात दोनदा आमच्याऐवजी शेजारच्या गावाचं नाव घेतलं. जेवणाची आमटी गावानं करायची आणि भात वाडीनं, म्हणजे दोघांचं मिळून एक ताट होईल, अशी त्यांची सुंदर कल्पना होती. गावानं आमटीबरोबर आपला भातही आणला. वाडीनं भाताबरोबर आपली आमटी आणली. दोन पंगती एकमेकींकडे पाठ करून बसल्या. साहेबांनी मधे उभं राहून फोटो काढून घेतला आणि एकोपा झाल्याचं जाहीर करून ते निघून गेले.

खरी अडचण पुढेच होती. आबा आणि मामा दोघांनाही मोतीबिंदू झाला होता आणि शस्त्रक्रियेची तारीख दोघांनी मिळून आधीच घेऊन ठेवली होती. साताऱ्यात, एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे. मतदानाच्या आधी त्यांना हे अगदी नैसर्गिक वाटलं होतं. आता आबा म्हणाले, तारीख बदला. आई म्हणाली, “डोळा तुमचा हाय, पंचायतीचा न्हाई. गप जावा.” मामांचा मुलगा पुण्यात, मामी वारलेल्या. त्यामुळे दोघांनाही आठवडाभर माझ्याकडे ठेवायचं ठरलं, डोळ्यांत औषध घालायला. माझा नवरा शहाणा माणूस. त्यानं त्या आठवड्यात बाहेरगावचं काम काढलं.

मी गाडी घेऊन दोघांना आणायला गेले. दोघं मागच्या सीटवर दोन खिडक्यांना चिकटून बसले. मधे एक अख्खा माणूस मावला असता. कोरेगाव येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, “मामास्नी इचार, काच वर घ्यायला काय अडचण हाय का.”

“आबास्नी सांग,” मामा म्हणाले, “त्याला बी ठराव लागत आसंल. सभा बोलवा म्हणावं.”

मी गाडी बाजूला घेतली, उतरले, मामांच्या खिडकीची काच स्वतः वर केली आणि परत येऊन बसले.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. दोघांची पांढरी मिशी, फौजी बसणं आणि एकसारखा तुसडा चेहरा पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सख्खे भाऊ का?”

“न्हाई,” दोघं एकदम म्हणाले. मतदानानंतर त्यांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

शस्त्रक्रिया नीट झाल्या. खाली वाकायचं नाही, चेहऱ्यावर पाणी घ्यायचं नाही, चिडायचं नाही, अशी ताकीद देऊन बाईंनी दोघांना घरी सोडलं. चिडायचं नाही म्हटल्यावर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे बंधन फक्त त्यांच्यावरच घातलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हॉलमध्ये काळे चष्मे लावलेले दोन माजी सैनिक सोफ्याच्या दोन टोकांना बसून असायचे. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही, आणि बोलायचंही नाही. इतकी कडक शिक्षा लष्करातही नसेल. सकाळी आणि संध्याकाळी डोळ्यांत औषध मी घालायची. दुपारचं शेजारीण येऊन घालायची.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी दार उघडलं तर आतून आवाज येत होते. शेजारीण आली नव्हती, आणि मामा आबांच्या डोळ्यांत औषध घालत होते.

“डोळा उघडा की दाजी.”

“उघडाच हाय. थेंब गालावर चाललाय.”

“तुमी हालताय.”

“नीट बघून टाका. मत टाकल्यागत कुठंबी टाकू नगा.”

“आमचं मत बरोबर जागी पडलं हुतं,” मामा म्हणाले. मग एक थेंब बहुतेक नीट पडला, कारण आबांनी हात वर केला. मी चपला हातात घेऊन दारातच थांबले.

“पाव्हणं, येक खरं सांगा,” आबा म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. “तुमच्या भैनीनं कुणाला मत दिलं?”

“म्हंजी? तुमाला ठावं न्हाई?”

“न्हाई.”

मामा खाली बसले, सोफा करकरला. “मतदानाच्या आदल्या सांजंला ती माझ्याकडं आलती. म्हणाली, दादा, मी उद्या तुझ्या इरोधात मत देणार हाय. राग धरू नगंस. पाणी आणून आणून माझा खांदा गेलाय.”

“मग तुमी काय म्हणाला?”

“काय म्हणणार? च्या पिऊन गेली ती.”

मामाच पुढे म्हणाले, “मला वाटत हुतं, तुमीच पाठवलीय तिला. मला हिणवायला. लय लागलं मला त्ये, दाजी.”

“मी पाठवलं न्हाई,” आबा म्हणाले. “मला वाटत हुतं, तिनंच दगा दिला.”

“आवं, घरात इचारायचं की.”

मी मुद्दाम चपला जोरात टाकून आत गेले. दोघंही काळ्या चष्म्यांआडून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. मी चहा टाकला. आबा म्हणाले, “मामास्नी साखर जरा जास्त टाक. त्येंना लागती.” मामांना साखरेची बंदी होती, पण हा निरोप इतक्या महिन्यांनी आला होता की मी अर्धा चमचा टाकला.

दुसऱ्या दिवशी आई एसटीनं आली, भाकऱ्या आणि ठेचा घेऊन. ती जेवायला वाढत असताना आबांनी ताटाकडे बघत विचारलं, “तू मला का सांगितलं न्हाईस?”

“काय?”

“मत कुणाला दिलं त्ये.”

आईनं मामांकडे पाहिलं. मामांनी एकदम भाकरीत लक्ष घातलं.

“तुमी समद्या वाडीत घरोघर जाऊन इचारलं,” आई म्हणाली. “आपल्या घरात तेवढं आला न्हाईत.”

ती हे रागानं म्हणाली नाही. पातेलं उचलून भाजी वाढायला पुढच्या ताटाकडे गेली. आबांनी जेवताना दोनदा खाकरून घसा साफ केला, पण भाषण काही सुरू झालं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी आईला विचारलं, “कुठला खांदा?” तिनं उजवा दाखवला. मामा उठून गॅलरीत गेले, आणि मीही ताटं घेऊन आत गेले.

दोघं घरी परतले तेव्हा मागच्या सीटवर मधली जागा कमी झाली होती. पुढच्या ग्रामसभेत मामा उठले आणि वाडीसाठी वेगळी पाइपलाइन टाकावी, असा ठराव त्यांनी मांडला. अनुमोदन आबांनी दिलं. गावातल्या तरुणांनी मामांना फितूर ठरवलं आणि वाडीतल्या तरुणांनी आबांना, कारण पाणी मिळालं तर मग लढायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आपापल्या माणसांनी वाळीत टाकल्यामुळे दोघांना एकमेकांकडे जाऊन बसण्याशिवाय इलाज उरला नाही. बाकीच्यांनाही हळूहळू रहिमतपूरच्या दाढीचा कंटाळा आला. एकेक जण जणू सहज वाट चुकल्यासारखा गावातल्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. न्हाव्यानं कुणालाच काही विचारलं नाही. तेवढं शहाणपण त्या वर्षी गावात फार थोड्यांकडे होतं.

पाइपलाइन यायला पुढचा उन्हाळा उजाडला. दारातल्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा मी तिथेच होते. आई घागर भरून उचलायला वाकली, तर आबा पुढे झाले, त्यांनी घागर स्वतः उचलून आत नेली आणि ओट्यावर ठेवली. मग बाहेर येऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत जो भेटेल त्याला ती घागर किती जड होती हे सांगत राहिले.