पहिलं कुंकू

आमच्या नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत खडू संपतो, डस्टर हरवतं, आक्कांचे किस्से मात्र संपत नाहीत! ही शाळा काढली आक्कांनी. स्वतः अकराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी सुरू करतंच, "आक्का असत्या ना, तर..."

*

अफझलगंजचा एक व्यापारी पोरीला शाळेत घालेना. आक्का रोज त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायच्या. शेवटी तो ओरडला, "शिकून काय करणार हो ती?"

"तुम्ही गेल्यावर कागदावर सही करेल. अंगठा नाही उठवणार!"

पोरगी शाळेत आली. चारच वर्षांत बाप गेला. सही तिनंच केली, आणि मग आक्कांच्या गळ्यात पडून रडली.

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं कुंकू विधवेला, हा आक्कांचा नियम. पहिल्या वर्षी त्यांनी शाळेच्या आयाला, यादम्माला, पुढे बोलावलं. तिचा नवरा नुकताच गेलेला. तिच्या कपाळाला बोट लागलं मात्र, बायका भराभर उठून गेल्या. हॉलमध्ये उरल्या या दोघी.

आक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई, तिळगूळ पुरेल!"

हे सांगताना यादम्मा अजून हसते. त्या दिवशी सासूनं तिला घरात घेतलं नव्हतं, तेवढं मात्र हळूच सांगते.

*

माझा इंटरव्ह्यू आक्कांनीच घेतला. ऐकू कमी यायचं, प्रश्न मात्र धारदार.

"नवऱ्याला विचारून आलीस?"

"हो."

"आणि तो नसता, तर कुणाला विचारलं असतंस?"

नोकरी मिळाली, उत्तर काही सुचलं नाही.

*

हल्लीची कमिटी भारी हुशार! परंपरा मोडायची नाही आणि बायकांनाही दुखवायचं नाही. म्हणून पहिलं कुंकू आक्कांच्या फोटोला लावतात. "त्याही विधवाच की! नियम पाळला गेला," सेक्रेटरीबाई म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्यात, दरवर्षी.

*

माझे मिस्टर दिवाळीनंतर गेले. यंदाच्या संक्रांतीला मी नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसले, तर सेक्रेटरीबाई कानाशी आल्या. "टीचर, यंदा जरा मागं बसता का? वाईट नका वाटून घेऊ हं."

अशी चीड आली मला! तोंडातून मात्र निघालं, "हो हो, बसते की." तीस वर्षं मुलींना आक्का शिकवल्या, आणि निमूट उठून मागे गेले.

स्टेजवर पाहुण्या आक्कांच्या धैर्यावर बोलल्या. फोटोच्या काचेवर कुंकू लागलं. तेवढ्यात यादम्मा उठली. सत्तरीची बाई, भिंतीला धरत स्टेजवर चढली, काचेवरचं कुंकू बोटावर घेतलं, आणि भर हॉलमधून चालत येऊन माझ्या कपाळाला लावलं.

"आक्का ने भेजा, टीचरम्मा!"

या वेळी कुणी उठून गेलं नाही. टाळीही कुणी वाजवली नाही. मी ढसाढसा रडले.

शाळा सुटल्यावर अंबरपेठची बस धरली. घरी सासूबाई होत्या. गल्लीच्या तोंडाशी थांबून मी पर्समधून रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच यादम्मानं माझ्या कपाळाकडे पाहिलं. "किधर गया?"

"पसीने में निकल गया," मी म्हटलं.

घंटेकडे वळता वळता ती म्हणाली, "संक्रांत की ठंड में पसीना, टीचरम्मा?"