सोमवारची संथा

परवा विसूच्या तेराव्याला जाऊन आलो. तेव्हापासून लिहायला बसतो आणि उठतो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईवडिलांना नाही. विसूला — ज्याला सांगायलाच हवं होतं — त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल.

विसू लांज्याकडच्या एका खेड्यातला, भिक्षुकाचा मुलगा. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत तो वारावर जेवून शिकला. रोज वेगळ्या घरी पान, सोमवार आमच्याकडे. फी भरणं त्याच्या घरच्यांना शक्य नव्हतं. हेडमास्तरांनी त्याला नादारी दिली होती, फी माफ केली होती, म्हणून तो वर्गात होता. नादारी गेली की त्याची शाळा संपली. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मलाही. आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणण्याचा मोह होईल.

मॅट्रिक जवळ आली होती आणि कठीण इंग्रजी शब्द पाठ करण्याचं आम्हाला वेड लागलं होतं. जाडजूड शब्दकोश वर्गात फक्त माझ्या घरी होता. वडिलांचा, उंबऱ्याबाहेर न्यायची बंदी. सोमवारी जेवणं झाली की आम्ही पडवीत बसत असू. मी शब्द आणि अर्थ वाचायचो, विसू डोळे मिटून ऐकायचा आणि तसंच्या तसं म्हणायचा. लिहून काही घ्यायचा नाही. घरी वडिलांकडून तो मंत्र असेच शिकला होता. संथा घेणं म्हणतात त्याला. सांगणाऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायची नसते, हे त्याच्या रक्तातच होतं.

एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. वाचणारा मी, आणि दुसऱ्या दिवशी माझीच पाटी कोरी.

वडील झोपाळ्यावरून म्हणायचे, “कोश आमचा, भात आमचा, आणि शब्द सगळे विसूच्या तोंडात! आमचे चिरंजीव नुसते पानं उलटायला.”

“काका, हा पानं उलटतो म्हणून मी म्हणतो,” विसू हसून सांगायचा.

त्याचं ते सांभाळून घेणं — तेच जास्त झोंबायचं.

एका सोमवारी ‘सर्व्हाइल’ हा शब्द आला. कोशात अर्थ होता लाचार, धन्याचे पाय चाटणारा. मी पानाकडे पाहत म्हणालो, “सेवाभावी.” का? वर्गात एकदा चुकेल, मुलं एकदा हसतील, एवढंच मनात होतं. एवढंच होतं का? विसूनं डोळे मिटून शब्द म्हटला, अर्थ म्हटला. झालं.

त्याच आठवड्यात शिक्षणखात्याचे गोरे साहेब तपासणीला आले. हेडमास्तर सकाळपासून त्यांच्या पुढेमागे वाकत होते. आमच्या वर्गात येताच त्यांनी मोठ्या अभिमानानं विसूला उभं केलं. साहेब म्हणाले, नवा शिकलेला एखादा शब्द वाक्यात वापरून दाखव.

विसूनं हेडमास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं तो काय बोलणार आहे. त्याला आभार मानायचे होते. मी खोकू शकलो असतो. दौत पाडू शकलो असतो. मी नखं पाहत बसलो. आणि मंत्र म्हणावा तशा स्वच्छ आवाजात त्यानं इंग्रजीत सांगितलं — आमचे हेडमास्तर फार सर्व्हाइल आहेत, त्यांच्यामुळेच मी इथे उभा आहे.

साहेब मोठ्यानं हसले. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, “शाब्बास रे भटा!” पोराची चूक हेडमास्तरांनी कदाचित माफ केली असती, साहेबाचं हसणं त्यांना माफ करता येईना. उद्धटपणाबद्दल विसूची नादारी त्याच दिवशी बंद झाली.

तुम्ही म्हणाल, पोरवयातला खोडसाळपणा. मीही स्वतःला अनेक वर्षं तेच सांगत आलो. पण मला जे सांगायचं आहे ते हे नव्हे.

संध्याकाळी विसू आला. त्याचा वार नव्हता, म्हणून पायरी चढला नाही. खाली अंगणात, खळ्यातच उभा राहिला. “तू अर्थ काय सांगितला होतास रे? मला नीटसं आठवेनासं झालंय.” आळ घेत नव्हता. नुसतं विचारत होता. वडील आतच होते. मी खरं बोललो असतो तर मला दोन थपडा देऊन ते त्या पावली हेडमास्तरांकडे गेले असते, आणि सकाळी विसू वर्गात बसला असता.

मी म्हणालो, “लाचार. लाचार असंच सांगितलं होतं. तूच विसरलास.”

त्यानं डोळे मिटले, संथेला मिटायचा तसे. आत शोधत राहिला. ‘सेवाभावी’ तिथे होतंच — माझ्या आवाजात, जसंच्या तसं. ते त्यानं बाजूला सारलं आणि माझं ऐकलं.

“मग माझंच चुकलं,” तो म्हणाला. “तू तर कोशातून वाचत होतास. तू कसा चुकशील?”

तो गावी गेला, भिक्षुकी करू लागला. मी शिकलो, आता मुलांना इंग्रजी शिकवतो.

परवा पंगती उठल्यावर वहिनी, विसूची बायको, माजघराच्या दाराशी बसून बोलत होत्या. “पाठ असलेलं सगळं पोथीतून वाचायचे हो. संकल्पसुद्धा. लोक थट्टा करायचे, भटजींना काही येत नाही म्हणायचे. मोठ्या कार्यांची बोलावणी बंद झाली. आणि झोपेत अख्खं रुद्र म्हणायचे, अक्षर चुकायचं नाही! मी विचारलं तर म्हणाले, माझ्या पाठांतराचा भरवसा नाही, भर वर्गात दगा दिलाय त्यानं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही त्यांचे शाळेतले. खरंच का हो ते विसरायचे?”

प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचं होतं. विसू गेलेला, मला आता कुणाची भीती होती?

“पाठांतर चांगलं होतं त्याचं,” मी म्हणालो. त्या आणखी काही ऐकायला थांबल्या होत्या. मी पाण्याचं भांडं उचललं, पाणी प्यालो, आणि मोटार चुकेल म्हणून उठलो.