गहिनीनाथ गुरुजींची श्रद्धांजली

नेकनूरकडच्या त्या गावात कुणी गेलं, की लोक आधी सरणाची लाकडं बघत आणि मग गहिनीनाथ गुरुजी गावात आहेत का ते बघत. शाळेतून गुरुजी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण तोंड काही निवृत्त झालं नव्हतं. दहावा कुणाचाही असो, श्रद्धांजलीचा माईक त्यांच्याच हातात. गेलेला माणूस जिवंतपणी कसाही असला, तरी गुरुजींच्या भाषणात तो मनमिळाऊ, परोपकारी आणि हसतमुख निघायचा, आणि कधीही भरून न निघणारी पोकळी ठेवून जायचा. जन्मात कुणाला कुदळ उसनी न दिलेल्या धर्मराजला त्यांनी परोपकारी ठरवलं, तेव्हा त्याची बायको पदराआडून बघतच राहिली, की हा दहावा नेमका कुणाचा चाललाय! तिकडे कावळा पिंडाला शिवून उडून जायचा आणि इकडे गुरुजी अजून प्रस्तावनेतच असायचे.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजींच्या छातीत कळ आली. निघाला नुसता गॅस. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःचा दहावा सगळा डोळ्यांसमोर आणला आणि एका जागी अडकले. आपल्यावर बोलणार कोण? आणि बोलणार काय? आपल्यामागं आपलं म्हणून काय राहणार, या विचारानं ते खरोखरच घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रविणला गाठलं. हा त्यांचाच विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीचा सदस्य, माईकची हौस दांडगी.

"प्रविण, समज मी गेलो. बोल माझ्यावर."

"कावून गुरुजी, असं वंगाळ बोलता?"

"बोल म्हणतो ना!"

प्रविण उभा राहिला, खाकरला, हात जोडून सुरू झाला, "गहिनीनाथ गुरुजी म्हंजे मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख..."

"अरे, हे तर मी धर्मराजवर बोललो!"

"मंग? तुमचंच हाय. मी समदं पाठ केलंय. निस्तं नाव बदलायचं."

गुरुजी घरी आले ते तोंड पाडून. बायको मनकर्णा ज्वारी निवडत बसली होती. "मी गेल्यावर तू काय सांगशील माझ्याबद्दल?" त्यांनी विचारलं.

"लई बोलायचे म्हनून सांगीन," ती मान वर न करता म्हणाली.

आठवडाभरात जाईबाई गेली. ही गुरुजींची शेजारीण. तिच्या जिभेला गाव घाबरायचं. दहाव्याला गुरुजी उभे राहिले, "जाईबाई म्हणजे मनमिळाऊ..." आणि समोर बघतात तर पहिल्या रांगेत प्रविणचे ओठ त्यांच्याबरोबर हलताहेत. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"न्हाई," गुरुजी भाषणाची भाषा सोडून गावच्या बोलीत म्हणाले. "जाईबाई भांडखोर हुती. टँकरवर तिनं माजी घागर लाथाडलीय."

माणसं चपापली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पर माजी आई दोन वर्सं अंथरुनाला खिळून हुती, तवा हीच बाई रोज यायची अन् तिची वेणी घालायची. घालता घालता मला शिव्या. 'एवडा मास्तर झालास, अन् आईचं डोस्कं इंचरता येत न्हाई व्हय रे?'"

सगळे खळखळून हसले. जाईबाईची सून हसता हसता डोळे पुसायला लागली. गुरुजींना पुढं बोलायचं होतं, पण ते राहिलंच. माईक खाली ठेवून ते हमसून हमसून रडले.

घरी आल्यावर म्हणाले, "चारचौघांत शोभा झाली माझी. पाठ केलेलंच बरं होतं."

मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "इतक्या जनांवर बोललाव, पर कुनासाठी रडलेलं आजच बघितलं. मी मागं राह्यले, तर एवडं सांगीन."

गुरुजी घटाघटा पाणी प्यायले. त्यांना फार बरं वाटलं.

"एवढं पुरे," ते म्हणाले. "फक्त प्रविणसमोर बोलू नकोस. पाठ करील."