रखिया बडी आणि ताईंच्या गोळ्या

नव्या रायपूरच्या ऑफिसात मी जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात फोन आला. पुतण्याची बायको, नेहा. ‘चाची, आप बस आ जाओ,’ इतकंच म्हणाली. या पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. त्या दुपारी कुठल्याच भाषेत तिला पुढचं बोलता येईना आणि मलाही विचारायची गरज पडली नाही... ताई गेल्या होत्या. साधा ताप होता, दवाखान्यातून घरीही आणलं होतं. आदल्या रविवारी मी भेटायला गेले तर उशीला टेकून बसलेल्या, आणि मला म्हणाल्या, ‘तुह्या तोंडाकडे पाहून वाटते मीच तुले भेटायले आली पाहिजे.’ अशी बाई जाईल असं कोणाला वाटणार?

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. जुन्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खाली त्या आणि दादा, म्हणजे माझे भासरे, थोरले दीर. वर तेव्हा मी आणि माझा नवरा. दादा गोल बाजारात कापडाच्या दुकानात काउंटरवर उभे राहायचे, माझा नवरा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. आणि मी ग्रॅज्युएट. हे मी आजही मान वर करून सांगते, कारण माझे वडील गोंदियाला मालधक्क्यावर हमाल होते आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रोज नवी ऑफिसं उघडत होती, नवी भरती निघत होती. मला एका संचालनालयात क्लार्कची नोकरी लागली, तेव्हा ताईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि घरात येऊन म्हणाल्या, ‘ग्रॅज्युएट बाई, पेढे वाटले म्हणून भांडे सुटले नाई तुमचे.’ ताई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण माझा डबा रोज त्या भरायच्या, त्यामुळे टोमणा आणि भाजी दोन्ही मी मुकाट्याने खायची.

त्याच सुमारास ताईंची पाळी गेली. एका जानेवारीत आम्ही सगळे शेगडीला हात शेकत बसलेलो आणि ताई गच्चीवर पदराने वारा घेत उभ्या! ‘आंगातून वाफा निघून राह्यल्या वं,’ म्हणायच्या. झोप उडाली. दूध उतू गेलं म्हणून त्या रडल्या, आणि रडल्या म्हणून स्वतःवरच चिडल्या. सरकारी दवाखान्यात सांगितलं, ‘उमर का है, माताजी.’ ताई तेव्हा पन्नाशीच्याही झाल्या नव्हत्या. ‘माताजी’ त्यांना वाफांपेक्षा जास्त झोंबलं. शेवटी मी त्यांना एका लेडी डॉक्टरकडे नेलं. तिने नीट तपासलं, चाचण्या केल्या, हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि काही वर्षं तरी घ्याव्या लागतील, अधूनमधून तपासायला या, म्हणाली. थोड्याच दिवसांत ताई सलग झोपल्या. सकाळी उठून मला म्हणाल्या, ‘कुंदे, मी परत माह्या घरी आल्यासारखी वाटून राह्यली.’

पण गोळ्यांचं ते पान महाग होतं. आमच्या घरच्या महिन्याच्या भाजीपेक्षा महाग. दादा काही कंजूस माणूस नव्हते. ताप, दात, पोराची फी, ज्याला नाव आहे त्या प्रत्येक गोष्टीला ते पैसे देत. अडचण नावाचीच होती. पाळी गेल्यानंतरच्या गोळ्या, हे नवऱ्यासमोर उच्चारणं ताईंना जमत नव्हतं. दादा बायकांच्या बोलण्यापासून इतके दूर राहायचे की आम्ही दोघी बोलत असलो तर खोकून मग आत यायचे. मी म्हटलं, माझ्या पगारातून घ्या. ताई म्हणाल्या, ‘तुह्या पगारावर माह्या गोळ्या? उद्या आपलं भांडण झालं तर मी आधी हिशेब करू का आधी भांडू?’ मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. ज्या दिवशी वाफा येत नाहीत त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. ‘आज काई होऊन नाई राह्यलं, मग काहून वाया घालवू?’ डोकेदुखीच्या गोळीसारखंच त्यांनी ते धरलं. महिन्याभरात वाफा परत आल्या, इतर त्रास वाढला, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही फैलावर घेतलं. गोळी रोजची म्हणजे रोजची. घरापाशी रिक्षातून उतरताना ताई म्हणाल्या, ‘म्हणजे पैसे कमावावे लागतीन.’

आणि त्यांनी कमावले, तेही कशावर, तर पाळी गेली यावरच. आमच्याकडे हिवाळ्यात घरोघरी रखिया बडी होते. रखिया म्हणजे कोहळा. तो किसून, उडदाच्या वाटलेल्या डाळीत फेटून, गच्चीवर कपड्यावर बड्या टाकायच्या आणि कडक वाळवायच्या. या बडीला बाहेरच्या, म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईचा हात लागला की ती लाल पडते, असं इथे पक्कं मानतात. आता जिच्या घरी सुना-मुली आहेत, तिथे कोणाचे ना कोणाचे दिवस असतातच, आणि रखिया तर थांबत नाही. गल्लीच्या तोंडावर वकीलसाहेबांचं घर होतं. त्यांच्या घरच्या वकिलीणबाई एकदा ताईंना म्हणाल्या, ‘भाभी, आप तो अब बारहों महीने शुद्ध हो. हमारी बड़ी आप ही बना दो, मेहनताना ले लेना.’ ताईंनी हव म्हटलं. मग शेजारच्या घरून विचारणा आली, मग तलावापलीकडून. एका हिवाळ्याच्या बड्या आणि एका उन्हाळ्याची लोणची यांवर ताईंच्या वर्षभराच्या गोळ्या निघाल्या. औषधाच्या दुकानात त्या स्वतः जायच्या, पान घ्यायच्या, ब्लाउजमध्ये ठेवायच्या. दादांना वाटायचं, बायको पित्ताचं काहीतरी घेते.

मला हे सोवळ्याचं बिलकुल पटत नव्हतं, आणि मी तोंडाने फटकळ. पहिल्याच हिवाळ्यात ताईंचा खांदा धरला, डाळ वाटून तयार, फेटायला कोणी नाही. मी म्हटलं, ‘ताई, माझे आज दिवस आहेत.’ त्या म्हणाल्या, ‘मी विचारलं का तुले? फेट.’ फेटलेलं पीठ झालं की नाही हे पाहायला थेंबभर पाण्यात टाकतात. तरंगलं तर झालं. माझं असं तरंगलं की ताईंनी वाटीत वाकून पाहिलं आणि नुसत्या हसल्या. ती बडी पांढरीशुभ्र वाळली, वकिलीणबाईंकडे गेली, त्यांनी पुन्हा मागवली. मी म्हटलं, मग आता सांगून टाका ना सगळ्यांना! ताई शांतपणे म्हणाल्या, ‘तुह्यावालं खरं आहे. पण तुह्या खऱ्यावर माह्या गोळ्या येतेत का?’ डिग्रीसकट मी मुकाट्याने पुढच्या ऑर्डरची डाळ वाटायला घेतली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी ताई तापाने फणफणल्या होत्या. आदल्या दिवशी ढीगभर डाळ भिजवून ठेवलेली, सगळ्या गल्लीची मिळून. अंगणात खाटेवर पांघरूण घेऊन त्या पडलेल्या आणि मी परातीत कोपरापर्यंत हात घालून फेटत होते. माझा दुसरा दिवस होता. वकिलीणबाई आपली बडी कुठवर आली ते बघायला आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या. ‘अरे, बहू फेंट रही है? बहू, सब ठीक है ना? आजकल में तो नहीं हो?’

मी हातातलं पीठ परातीत झटकलं. एक शब्द चुकला असता तर ताईंच्या गोळ्या बंद, हे मला लख्ख दिसत होतं. वर्षभर खरं बोला म्हणून ताईंचं डोकं खाणारी मी, तोंड उघडलं ते ‘नहीं’ म्हणायला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. ‘है. दूसरा दिन है. और पिछले साल वाली जो आपने फिर से मंगवाई थी, उसमें भी इसी का हाथ था.’

वकिलीणबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या पदर सावरून निघून गेल्या. मी ताईंवर ओरडले, ‘काय केलं हे तुम्ही? मी सांभाळून घेत होते ना!’ ताई म्हणाल्या, ‘तू खोटं बोलून राह्यली होती. भल्ली बावळट दिसत होती.’ आणि कूस बदलून झोपल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बहुतेक घरांनी आपलं सामान परत मागितलं. फेटलेल्या पिठाच्या बड्या आम्हीच टाकल्या, आणि तो अख्खा हिवाळा आमच्या घरी रोज बडीचीच भाजी झाली.

गोळ्यांचं शेवटचं पान संपत आलं. मी पुन्हा पैसे देऊ केले, ताईंनी पुन्हा नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून त्यांच्यात काहीतरी सुटं झालं होतं. एका रात्री दादा जेवायला बसलेले, मी पोळ्या लाटत होते. ताई वाढता वाढता म्हणाल्या, ‘ऐका, माह्या गोळ्या संपल्या.’

‘कायच्या गोळ्या?’

‘पाळी गेल्यावरच्या.’

दादांचा घास हातात राहिला. मी पाट सोडून उठावं की बसावं मला कळेना. दादा ताटाकडे बघत म्हणाले, ‘कधीपासून घेऊन राह्यली?’

‘दोन वर्सं झाले.’

‘आन् मले सांगितलं नाई?’

‘सांगितलं असतं तर तुमी खोकून बाहेर गेले असते.’

दादांनी आणखी एक पोळी मागितली, जी ते एरवी कधी घेत नसत, आणि म्हणाले, ‘रिकामं पान दे उद्या. मी पाहतो.’ दुसऱ्या दिवशीची गोष्ट ताईंनी मला इतक्या वेळा सांगितली की मीच तिथे होते असं वाटतं. दुकानदाराने सवयीने आवाज खाली केला आणि पान वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. दादा म्हणाले, ‘कागद काहून? चोरीचा माल आहे का?’ मग किंमत ऐकून तिथून सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचं सगळं आयुष्य कापडात गेलेलं. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, कपड़ा वही, छापा दूसरी मिल का, ऐसा इसमें नहीं आता क्या?’ डॉक्टरीणबाई हसल्या, येतं म्हणाल्या, आणि त्यांनी कंपनीचं नाव न लिहिता औषधाचंच नाव लिहून दिलं. किंमत निम्म्याच्याही खाली आली. ताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘हे दोन वर्सांआधी सांगितलं असतं तर मी कायले एवढे कोहळे किसले असते!’

पण कोहळे किसणं त्यांनी सोडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात वकिलीणबाईच दारात आल्या. त्यांच्या घरची बडी दगडासारखी झाली होती. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, ‘भाभी, जो भी फेंटे, बस हमको मत बताना.’ ताईंनी रखिया ठेवून घेतला. आता ते पैसे गोळ्यांना लागत नव्हते. उन्हाळा आला तसा ताईंनी त्यातून स्वयंपाकघराच्या खिडकीला कूलर बसवला. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बैठकीत कूलर पुष्कळांकडे होते. चुलीपाशी कूलर लावलेलं आमचं एकच घर. ‘कमावलं घामानं, खर्च केलं घामावर,’ असं म्हणत त्या त्याच्यासमोर बसून भाजी निवडायच्या, आणि मी ऑफिसातून आले की मला पाय पसरायला जागा करून द्यायच्या. काही वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. तोवर आम्हा दोघींचं वीस वेळा भांडण झालं होतं आणि एकदाही हिशेब निघाला नव्हता.

दादांना मात्र त्या रात्रीपासून एक सवय लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुकानाला निघायच्या आधी, ते स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. आत बघत नाहीत. भासरे माणूस, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आणि विचारतात, ‘बायांचं काय आणायचं?’ माझी पाळी जायची वेळ आली तेव्हा मी दाराआडूनच औषधाचं नाव सांगितलं होतं, आणि त्यांनी कॅलेंडरकडे बघत ते मोठ्याने म्हणून दाखवलं होतं, बरोबर आहे ना, म्हणून. आता दुकान सुटलं, वय झालं, पण पहिली तारीख सुटली नाही. आम्ही नव्या रायपूरला सरकारी क्वार्टरवर राहायला गेलो तरी माझं औषध तिथूनच येत राहिलं.

या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी मुद्दाम तिकडेच मुक्कामाला होते. सकाळी दादा दाराशी आले. ‘बायांचं काय आणायचं?’ आधी नेहमी ताईंचा आवाज यायचा... कूलरची खिडकी बंद होती, गॅसवर चहा उकळत होता. दादा थांबले. मी तोंड उघडणार इतक्यात नेहा ओट्याकडे तोंड करून म्हणाली, ‘बाबूजी, मुझे महीने में खून बहुत ज्यादा जाता है आजकल. डॉक्टर ने आयरन की गोली लिखी है. मैंने ली नहीं अब तक.’ मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या पुतण्याला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

दादा खोकले नाहीत. त्यांनी नाव विचारलं. नेहाने सांगितलं, त्यांनी ते कॅलेंडरकडे बघत म्हणून दाखवलं, चुकलं, तिने दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. मग पिशवी घेऊन, चपला घालून ते निघाले, आणि गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा तो नाव घोकतानाचा आवाज आम्हाला आत ऐकू येत राहिला.