शेततळ्याचा कागद

गिरधर नानांना गावात कोणी पळताना पाहिलं नव्हतं. एस.टी. सुटत असली तरी ते चालतच जायचे, आणि एस.टी. निघून जायची. मग वडाखाली बसून दुसरीची वाट बघायचे. "पयून कुठी जायाचं हाये?" म्हणायचे. "केयी काय पयून येते का? तिचे महिने ती घेतेच."

फैजपूरजवळच्या त्या गावात नानांची केळीची बाग नाल्यापलीकडे आहे. बागेच्या कडेला शेततळं. तळ्याला आधी बसवलेला प्लास्टिकचा कागद एका उन्हाळ्यात रानडुकरानं फाडला. पाणी रातोरात जमिनीत गेलं आणि त्या वर्षी घड झाडावरच वाळले. दुसरा कागद नानांनी स्वतः निवडला. दुकानदारासमोर घराची किल्ली काढली आणि त्या कागदावर जोर लावून ओढली. दुकानदार "नाना, नाना" करत राहिला. कागदावर नुसती पांढरी रेघ उठली. नाना म्हणाले, "हाच द्या."

पाहुणा आला की चहाच्या आधी तळं दाखवायचे. "डुकराचं नखही लागत नाही याले."

रोज संध्याकाळी ते तळ्याला फेरी मारायचे. घरी आले की कुंदाबाई चुलीपाशी बसूनच विचारायच्या, "कागद बरा हाये ना?"

"हाये."

नवराबायकोचं दिवसातलं एवढं बोलणं ठरलेलं होतं.

तेजस त्यांचा एकुलता मुलगा. इंजिनियर झाला, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि एक दिवस दोन बॅगा आणि एक सायकल घेऊन परत आला. आता केळी बघतो म्हणाला. नानांना आनंद झाला. तो त्यांनी दाखवला नाही. सायकलीभोवती एकदा फिरले.

"हिले कॅरेज नाही?"

"नाही नाना."

"मंग चारा कुठी बांधशीन?"

तेजस पहाटे पळायला लागला. चहाच्या टपरीवर लोक नानांना विचारायचे, "नाना, पोराच्या मांगे कोणी लागेल हाये का?" नाना हसायचे. घरी येऊन हसायचे नाहीत. एका रविवारी त्याचा धुळ्याहून फोन आला. जळगावहून सायकलवर गेला होता.

"काय काम होतं तठी?"

"काही नाही. चहा घेतला. आता परत निघतो."

नानांनी फोन ठेवला आणि कुंदाबाईंना सांगितलं, "धुयाले चहा प्याले गेला तुहा पोरगा."

धुळ्याला सोबत अखिल होता. जळगावच्या शांतीलाल शेठांचा मुलगा, घरची डाळमिल. तो सूर्य मावळल्यावर जेवत नसे, म्हणून दोघांचा सराव उजेडातच संपायचा. तो गावी आला की कुंदाबाई कांदा-लसूण न घालता कच्च्या केळीची भाजी करायच्या. तो दोनदा वाढून घ्यायचा. त्याच जेवणात दोघांनी नानांना सांगितलं की गोव्याच्या शर्यतीत नाव घातलंय. आधी समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं. तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, नव्वद किलोमीटर. उतरून एकवीस किलोमीटर पळायचं. दोघांचीही पहिलीच वेळ.

नानांनी घास खाली ठेवला. "आन् पहिला आला तं काय भेटते?"

"आम्ही कुठले पहिले येतोय नाना," अखिल म्हणाला. "पूर्ण केलं की मेडल."

"पुरं करनाऱ्या बठ्ठ्यांले?"

"सगळ्यांना."

"मंग ते बक्षीस कायचं? तो तं प्रसाद झाला."

पोरं जेवण सोडून हसली. पुढे महिनाभर एकमेकांना फोनवर "प्रसाद घ्यायचा ना?" असं विचारायची.

तेजसला पळणं जमायचं, सायकल जमायची. पाणी जमत नव्हतं. जळगावचा पोहण्याचा तलाव थंडीत बंद झाला आणि तो शेततळ्यात उतरू लागला. नानांनी तीन दिवस अबोला धरला. तळ्याची बाजू उतरती, कागद ओला झाला की शेवाळासारखा निसटता. आत पडलेली कुत्री कडेकडेनं फिरून फिरून मरतात. म्हणून तेजसनं निळा नायलॉनचा जाड दोर आणला, पाय ठेवायला त्याला मोठमोठ्या गाठी मारल्या आणि निंबाच्या खोडाला बांधून आत सोडला. नानांनी गाठी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दोर कागदाला टेकतो तिथे त्यांनी जुनं पोतं घातलं.

"कागद घासला जाते."

"गोव्याहून आलो की बंद करतो नाना."

ते त्याला पोहताना बघायचे. केळीच्या ओळीत उभं राहून, त्याला दिसणार नाही असं. तो पंपघराशी सायकल लावायचा, पोहायचा चष्मा तिथेच चढवायचा आणि जवळच्या कोपऱ्यातून उडी टाकायचा. फेऱ्या मारत राहायचा. आणि प्रत्येक वेळी, ठरवलेलं अंतर व्हायच्या आत, पलीकडच्या दोरापाशी येऊन लटकायचा. एकदा घरी आल्यावर चिडून म्हणाला, "हा दोर नसता ना नाना, तर पूर्ण झालं असतं. तो दिसला की हातच सुटतात."

शर्यतीच्या आठवडाभर आधी पितांबर काकांनी गावात सत्कार ठरवला. काका केळी उत्पादकांच्या गटाचे अध्यक्ष, आणि पुढे आणखी कशाचे तरी व्हायचे होते.

"काका, जाऊन तर येऊ द्या," तेजस म्हणाला. "पूर्ण नाही झालं तर?"

"आल्यावर आचारसंहिता लागेल रे. मंग सत्कार करता येत नाही. हारून आला तं आपुन बोलनार नाही, झालं?"

फ्लेक्स छापून आला. त्यावर हात जोडलेले काका होते, वर काकांचे पुढारी होते, आणि खाली कोपऱ्यात सायकलवर तेजस. सायकलीचं पुढचं चाक फ्लेक्सबाहेर राहिलं होतं.

सत्काराच्या दिवशी थंड वारा सुटला होता. उजाडायच्या आधीपासून मंडपात गाणी लावलेली. फ्लेक्सची चौकट डुलत होती. काका नानांच्या ओट्यावर आले.

"नाना, एखादा जाडा दोर हाये का घरी? माहं तोंड उडून चाललं."

नानांच्या डोळ्यांसमोर दोर आला. आदल्या रात्री त्यांनी तेजसला सांगितलं होतं, उद्या पाण्यात उतरू नको, ओल्या डोक्यानं स्टेजवर बसशीन. तो "बघू" म्हणाला होता. त्या "बघू"चा अर्थ नानांना कळत होता. दोर दिसला नाही की पोरगा गुपचूप मागे फिरेल. भांडण नको, अबोला नको. एक दिवस कागदही घासला जाणार नाही. आणि मंडपही बांधून होईल.

ते चालत तळ्यावर गेले. दोर सोडला, गुंडाळला, पोतं झटकून वाळत घातलं. येताना पंपावरच्या मगनला आणि बागेतल्या मजुरांना सांगितलं, आज सुटी, सगळे मंडपात या, आपल्या तेजसचा कार्यक्रम आहे. शेत रिकामं झालं. घरी आले तेव्हा तेजस सायकल घेऊन निघून गेला होता.

"सावद्यापर्यंत जाऊन येतो म्हने," कुंदाबाई म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या आत येतो म्हने."

नानांनी दोर काकांच्या माणसांना दिला. त्यांनी तो चौकटीला दोन वेढे देऊन खांबाला आवळला. काकांचं तोंड स्थिर झालं.

कार्यक्रमाची वेळ झाली. तेजस आला नाही. फोन वाजत होता, उचलत नव्हता. अखिल जळगावहून गाडीनं आला आणि त्यानं आधी तेच विचारलं. "सायकलवर असेल," कोणीतरी म्हणालं. कुंदाबाई नवं पातळ नेसून बायकांत बसल्या होत्या आणि दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होत्या. पाहुण्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. काकांनी माइक घेतला.

"हिरो उशिराच येते मंडळी! पिक्चरमंधी पाहता ना तुम्ही? तवरिक हिरोच्या बापाले हार घाला."

टाळ्या झाल्या. नानांच्या गळ्यात हार आला, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. त्यांना आयुष्यात कोणी हार घातला नव्हता. ते खुर्चीत ताठ बसले. मान उजवीकडे वळवली तर चौकट दिसत होती. दोर नीट आवळला आहे का, हे ते बघत होते. गाठी एकाखाली एक आल्या होत्या.

अखिल शेजारच्या खुर्चीत होता. तो वाकून हळूच म्हणाला, "नाना, काल फोनवर सांगत होता. सकाळी एकदा पूर्ण अंतर पोहतो, तरच गोव्याला येतो, नाहीतर येत नाही म्हणाला. तळ्यावर तर नाही ना गेला?"

"तठी दोरच नाही," नाना म्हणाले. "उतरंन कसा?"

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. पंपघर. चष्मा. जवळचा कोपरा. उडी मारायच्या आधी तो पलीकडे कधीच बघत नाही, हे त्यांना माहीत होतं. केळीच्या ओळीत उभं राहून त्यांनी ते इतक्यांदा पाहिलं होतं.

नारळ खाली पडला. नाना उठले आणि खांबापाशी जाऊन दोराची गाठ सोडू लागले. ती सुटेना. त्यांनी दात लावले. काका माइकवरूनच म्हणाले, "नाना, फोटो आपला हाये, घरी न्या ना, पन कार्यक्रम तं होऊ द्या!" मंडप हसला. गाठ सुटली. चौकट कलली आणि फ्लेक्स काकांच्या अंगावर आला. मंडप आणखी हसला. नाना दोर ओढत मंडपाबाहेर पडले आणि पळायला लागले.

गळ्यात हार, अंगावर शाल, मागे धुळीत लोळणारा दोर. गिरधर नाना पळत होते. कोणीतरी शिटी मारली.

"नाना निघाले गोव्याले!"

"अरे मेडल द्या रे कोणी!"

कुंदाबाई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या होत्या.

अखिलची गाडी मंडपामागे ट्रॅक्टरांत अडकली होती. तो धावत आला, नाल्यापाशी नानांना गाठलं, त्यांच्या हातून दोर घेतला आणि पुढे गेला. वर्षभर तो याच पायांवर मेहनत घेत होता. नानांनी त्याला इतकं जोरात पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते मागे राहिले. छाती फुटायला आली होती. मागून लाउडस्पीकर चालू होता. काका सांगत होते की असा मुलगा गावात जन्माला येणं हे गावाचं भाग्य आहे. नाला ओलांडला, केळीत शिरले, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता. तळ्यावरही येत असणार, पहाटेपासून. तेजसला सगळं ऐकू आलं असणार, आणि त्याचं ओरडणं त्या आवाजाखाली कोणालाच नाही.

नाना केळीतून बाहेर आले. पंपघराला सायकल टेकवलेली होती. बुटात फोन होता, तो वाजत होता.

अखिल बांधावर उभा होता. पळता पळता गुंडाळून घेतलेला दोर त्याच्या हातात तसाच होता. तो टाकत नव्हता.

नाना पळायचे थांबले. उरलेलं अंतर ते चालत गेले.

तेजसला त्याच दोरानं काढलं. त्याच्या मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ चालूच होतं. अखिलनं ते बघून बंद केलं आणि खिशात ठेवलं. काय पाहिलं ते त्यानं पुष्कळ दिवसांनी एकट्या नानांना सांगितलं. शर्यतीत पोहायचं असतं त्याच्या दुपटीहून जास्त तेजस त्या दिवशी पोहला होता. हातपाय थांबवले की थंडी चढत होती, म्हणून पोहत राहिला असेल. दोर असायचा तिथे तो पुन्हा पुन्हा आला होता, हे बघायला घड्याळ लागलं नाही. तिथे पाण्याच्या रेषेपासून हात पोचेल तिथपर्यंत कागदावर पांढरे ओरखडे होते. एकावर एक. गावातल्या माणसांनी वाकून वाकून ते पाहिले. आरपार एकही गेला नव्हता.

अखिल गोव्याला गेला नाही. त्यानं सायकल विकली. काकांचा फ्लेक्स फाटला होता. तो तेराव्याच्या मंडपाला मागच्या बाजूनं, आडोसा म्हणून लावला.

दोर कोणी सोडला हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण नानांना कोणी काही बोललं नाही. कुंदाबाईही बोलल्या नाहीत. त्या रडल्या, उठल्या, स्वयंपाकाला लागल्या. केळीला पाणी तर द्यायचंच होतं. पंधराव्या दिवशी मगननं मोटर सुरू केली आणि तळ्यातलं पाणी नळ्यांतून झाडाझाडाच्या बुडाशी गेलं. त्या वर्षी घड चांगले भरले.

नाना अजूनही संध्याकाळी तळ्यावर जातात. निंबाला आता लोखंडी साखळी आहे. फेरी मारून चालत घरी येतात, हातपाय धुतात, पाटावर बसतात. कुंदाबाई त्यांच्याकडे न बघता ताट वाढतात. ताट पुढे सरकवलं की विचारतात. रोज विचारतात. एकही दिवस चुकवत नाहीत.

"कागद बरा हाये ना?"

उत्तर आल्याशिवाय त्या भाकरी वाढत नाहीत.

"हाये," नाना म्हणतात.