उमरेडएवढंच नैरोबी

माणूस वाटेला लागलं की ते पोहोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा तांडापेठेतल्या मैनाबाईचा नियम होता. झाडलं तर जाणाऱ्याची वाट पुसते, असं तिच्या आईनं सांगितलेलं. आजवर यात काही अडलं नव्हतं. माणसं जाऊन जाऊन जात कुठं, तर उमरेडला, नाहीतर खाप्याला. दुसऱ्या सकाळी खुशाल केरसुणी हातात घ्यावी. पण छप्पन साली एकुलती लेक पुष्पलता नवऱ्याबरोबर विमानानं आफ्रिकेत निघाली आणि मैनाबाईची पंचाईत झाली.

जावई ईश्वरदास तिकडे रेल्वेच्या कचेरीत होता. निघताना तो म्हणाला, "मुंबईहून नैरोबी पावणेतीन हजार मैल हाये, मामी. पण मधात एडनले थांबून बी विमान एका दिवसात पोचते."

मैल मैनाबाईनं कानाआड केले. दिवस तेवढा पकडला. "माह्यं माहेर बी बैलगाडीनं एका दिवसाचं. मंग नैरोबी उमरेडएवढंच झालं ना!"

मागावर बसलेले तिचे यजमान भैयाजी इतके हसले की हातातला धोटा थांबला. "अवं, मधात समुद्र हाये!"

"आमच्या वाटेवर बी नाला लागत होता," ती म्हणाली.

निरोप देताना ती रडली नाही. उमरेडला जाणाऱ्या लेकीसाठी कोण रडतं?

मग पोचल्याची तार येईपर्यंत घरात केर साचू लागला. कोष्ट्याचं घर ते; सुताचे तुकडे आणि कापसाचा भुगा पायाला चिकटे. शेजारणी नाकं मुरडत. मैनाबाई मात्र दारात बसून आभाळाकडं बघत राही. मनातल्या विमानाला तिनं बैलगाडीसारखं छत घातलं होतं, आत तट्ट्या अंथरला होता आणि पुष्पी त्यावर मुटकुळं करून झोपली होती. खाली निळं पाणी, वाळत घातलेल्या सुतासारखं. ते दिवस मैनाबाई खरोखर सुखात होती.

तार आली. कोपऱ्यावरच्या मास्तरांकडून वाचून घेऊन भैयाजी घरी आले. "पोचली पोरगी सुखरूप. झाड आता."

मैनाबाईनं हात जोडले, केरसुणी उचलली आणि सहज विचारलं, "मंग आणाले कवा जाता? दिवाळीले?"

भैयाजी तारेच्या कागदाची घडी घालत राहिले. जावयानं सुट्टीची गोष्ट फक्त त्यांनाच सांगितली होती.

"काहून बोलत नाही?"

"त्याले चार वर्सांनं सुट्टी भेटते वं."

"जायले एक दिवस," मैनाबाई हळूच म्हणाली, "अन् यायले चार वर्सं?"

उमरेड कुठल्या कुठं गेलं आणि मधला सगळा समुद्र एकदमच तिला दिसला. केरसुणी भिंतीशी टेकवून ती खाली बसली.

"पोचली नाही म्हणा अजून," ती रडत म्हणाली. "वाटेतच हाये म्हणा."

धोतर सावरून भैयाजी तिच्याजवळ केरातच बसले.