सोमवारचा दम

तिचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. नागपूरच्या एका कापड मिलमध्ये आम्ही बायका रिलिंग खात्यात होतो. बॉबिनवरचं सूत फिरत्या रिळावर घ्यायचं आणि त्याच्या लड्या बांधायच्या, एवढंच काम. तिचं रीळ माझ्या रिळाला लागून. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, घरातली. हात असा चालायचा की जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, नव्या बायकांना तिच्यामागे उभं करून शिकवायचा. आम्ही छप्पन सालीच बौद्ध झालेलो. हे तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण मी कामावर आले त्याच दिवशी तिनं आपला पाण्याचा गडवा उचलून पलीकडच्या खिडकीत ठेवला. मी पाहते आहे हे पाहून ठेवला.

दमा मला लहानपणापासून. रामटेकच्या बाजूला आमचं गाव. धानाची मळणी सुरू झाली, की भुसा उडायचा आणि माझ्या छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या. आई मला पाठीशी गोधडी देऊन बसवून ठेवायची, अडुळशाचा काढा पाजायची. तो दमा मी ओळखत होते. तो आवाज करत यायचा, शेजारच्या घरात ऐकू जायचा, आणि गेला की सगळा जायचा.

मिलमध्ये आलं ते वेगळंच होतं. सोमवारी दुपारची जेवणाची सुट्टी संपली, की छाती आवळायला लागायची. शिट्टी नाही, कफ नाही. छातीवर पाटा ठेवावा तसं वजन, आणि घेतलेला श्वास अर्ध्यातच अडायचा. मंगळवारी जरा कमी. आठवडा सरत जाई तसं सहन होऊ लागे. रविवारी घरी मी धुणं धुवायची, पाणी भरायची, काही नाही. सोमवारी पुन्हा तेच.

शेजारच्या खात्यात कापूस पिंजला जाई. मधलं दार सताड उघडं. तिथून येणारा भुरा आमच्या केसांवर, भुवयांवर बसायचा. पण तो तर सगळ्यांवरच बसत होता. मग मलाच का?

दम कोंडला की मी रीळ थांबवून बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहायची. तेवढा वेळ माझं रीळ बघायला जॉबर शेजारणीला सांगायचा. तुटलेले धागे तिला जोडावे लागत. एकदा मी परत आले तर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "काहून वं, तुहा दम सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी कसा येते? कॅलेंडर पाहून येते का?"

बायका हसल्या.

"तुह्या जिभेले सुट्टी नसते ना," मी म्हटलं, "मनून तुले समजत नाही."

त्यानंतर कित्येक महिने आम्ही एकमेकींशी सरळ बोललोच नाही.

मिलच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लुगड्यावरूनच नळी टेकवली आणि म्हणाले, "छाती साफ आहे."

"मग आवळते काहून?"

"तुला दमा आहे ना?"

"दम्यात शिट्टी वाजते साहेब. हे वेगळं हाय."

"दमा म्हणजे दमा. गोळी घे." मग कंपाउंडरकडे बघून म्हणाले, "सोमवारी काम कुणाला गोड लागतं?"

दमा म्हणावा तर छाती साफ, आणि दमा नाही म्हणावं तर मी जुनी दमेकरी. गोळीनं हात थरथरायचे, छाती तशीच. घरी नवरा म्हणायचा, "सारं तुह्या डोक्यात हाय." तो रेल्वेच्या यार्डात मोकळ्या हवेत काम करायचा.

मग एका सोमवारी हात धुवायला मागच्या नळावर गेले, तर ती तिथे होती. दोन्ही हात भिंतीला टेकवलेले, मान खाली, खांदे वरखाली होत होते. आवाज नाही. अगदी माझ्यासारखंच, बिनआवाजाचं. माझी चाहूल लागली तशी ती ताठ झाली, पदरानं तोंड पुसलं.

"तुलेही होते?" मी विचारलं.

"मले काही होत नाही. तंबाखू लागली."

"मी पाह्यलं."

"पाह्यलं तं पाह्यलं. कोणाले सांगशील तं माह्यासारखी वाईट नाही."

मला तिची दया आली नाही. इतके महिने हिनं मला ढोंगी ठरवलं, आणि हिच्या छातीत तेच! अंगाची आग झाली.

पुढच्या आठवड्यात मी खाडा करून मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी, आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. काम कुठं करता, त्रास कोणत्या वारी जास्त. मी सांगितलं तशा त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "तुम्हाला दमा आहे, ते खरं. पण हे त्याच्यावर आलेलं दुसरं आहे. कापसाच्या धुळीचं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी ती जास्त बाधते. त्या खात्यातून निघा, नाहीतर पुढे सुट्टीतही बरं वाटणार नाही." घडी खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालतात तिथे, मला द्यावं, असं त्यांनी लिहून दिलं.

मिलच्या साहेबानं तो कागद वाचून बाजूला सारला. मिलचे डॉक्टर तिथेच बसले होते. "हिला दमा लहानपणापासून आहे," ते म्हणाले. "मिलचा काय संबंध?"

"मले एकटीलेच नाही," मी म्हटलं आणि शेजारणीचं नाव सांगितलं.

साहेबानं तिला बोलावून घेतलं. जिना चढून आली होती, तोंड मिटून नाकानं श्वास ओढत होती. नाकपुड्या फुगत होत्या. मी बघत होते, डॉक्टरही बघत होते.

"तुला छातीचा काही त्रास?"

"नाही साहेब. आमच्या खात्यात कोणालेच नाही. इचा घरचा दमा हाय."

बाहेर जिन्यावर मी तिचा दंड धरला. तिनं झटक्यात सोडवला.

"खोटी," मी म्हटलं.

"हो, खोटी! उद्या साहेब मनतीन बायकांच्या छात्या कमजोर, हाकला साऱ्यांले. माह्या घरचा माग बंद पडला. नवरा बसून हाय. तुले मराचं तं एकटी मर, आमाले घेऊन नको मरू."

"मरशील तं तूच आधी मरशील," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

खातं बदलून मिळालं नाही. दिवाळीपर्यंत मी तग धरला. मग एका सोमवारी रिळावरच डोळ्यापुढं अंधारी आली आणि मी काम सोडलं. नवरा पुष्कळ दिवस बोलला नाही. मी सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागले. हळूहळू छातीवरचं वजन उतरलं. माझा जुना दमा राहिला, शिट्ट्या वाजवत.

पुढे काही वर्षांनी मिलनं नवी यंत्रं आणली आणि रिलिंगच्या सगळ्याच बायकांना घरी पाठवलं. माझ्यानंतर छातीबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं, तरी पाठवलं.

त्यानंतर ती एकदा बाजारात आली. माझ्या दुकानापुढं थांबली आणि वांगी उलटीपालटी करू लागली. घ्यायची नव्हती हे मला कळत होतं. दम घेत होती. गालाची हाडं वर आलेली. मी भाव सांगितला नाही, तिनंही विचारला नाही.

मीच विचारलं, "कोन्त्या वारी जास्त होते?"

"आता वार नाही राह्यला," ती म्हणाली. "रोजच."

मी त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना सांगितला, कोणत्या दारानं आत जायचं तेही सांगितलं. "जाशील तं जा," म्हटलं. तिनं हातातलं वांगं खाली ठेवलं आणि गेली. दोन दुकानं ओलांडली, की थांबायची, पुन्हा चालायची. गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. ती दवाखान्यात गेली की नाही, मला माहीत नाही. तिच्यावरचा माझा राग तेव्हा गेला नव्हता, आणि वांगं खाली ठेवताना वर मान करून तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून तिचाही गेला नसावा.